पंपाचा पट्टा उलटा होता

ढाणकीच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नावाला झेरॉक्सचं, पण खरं काम फॉर्म भरायचं. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोलीस भरती, काहीही आणा, मी भरून देते. माझ्या हातून चूक होत नाही आणि दुसऱ्याच्या हातून झालेली मला सहन होत नाही. गिऱ्हाइकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. ती पायरी चढायच्या आधीच कागद क्रमानं लावून घेतात. असं असताना अख्ख्या तालुक्यात सगळ्यात जास्त बिघडलेला अर्ज माझ्याच बापाचा निघाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आम्ही बंजारा तांड्यावरची माणसं. घरात गोरबोली बोलतो. पण सगळं तसंच लिहिलं तर वाचणारा दुसऱ्या ओळीला पळून जाईल, म्हणून बाजारात बोलतो त्या बोलीत लिहिते. याडी म्हणजे आई आणि बा म्हणजे बाप, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बा फौजेत होते. तांड्यावर त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही, लहानथोर सगळे ‘फौजी’च म्हणतात. नोकरीतले दोन हिवाळे त्यांनी बर्फातल्या चौकीवर काढले. तिथं बंकरमध्ये ऊब राहावी म्हणून रॉकेलची शेगडी असायची, तिला बुखारी म्हणत. वारा आत येऊ नये म्हणून दार बंद, झरोके बंद, मधे बुखारी आणि तिच्याभोवती सहा-सात जण. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. वात कापणं, काजळी झाडणं, नळी साफ करणं हे सगळं काम बांच्याकडं होतं. आजही ते बुखारीबद्दल बोलतात तेव्हा दुभत्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलतात. तिच्यामुळंच छाती गेली, हे त्यांना पटतं. तिच्याविरुद्ध तक्रार करायची म्हटलं की मात्र जीभ अडखळते.

निवृत्तीच्या कागदावर लिहून आलं होतं, ‘श्वसनाचा आजार आहे. सेवेशी संबंध नाही.’ पहिले तीन शब्द बांना मान्य होते. भांडण होतं पुढच्या तीन शब्दांशी. सेवेमुळं आजार झाला असं लिहून आलं तर अपंगत्वाचं पेन्शन लागतं, पण बांना त्याहून मोठी गोष्ट हवी होती. ते म्हणायचे, “माह्या छातीतली काजळी सरकारची हाय. ते सरकारनं एकदा कबूल करावं, बस.”

मी अपील केलं आणि वर्षभरानं पत्र आलं. लष्करी दवाखान्यात पुन्हा तपासणी होणार होती. माझ्याकडं तेव्हा भरतीच्या फॉर्मांची झुंबड होती, म्हणून मी कागदांची फाईल करून बा आणि याडीला गाडीत बसवून दिलं. बांना एकट्यानं बोलू दिलं, ही माझी चूक. मी आयुष्यात फार चुका केलेल्या नाहीत, पण ही पुरून उरली.

फौजी माणसाला मेडिकल एकच माहीत असतं, ज्यात पास व्हायचं असतं. पत्र आल्यापासून बांनी महिनाभर सराव केला. तिकडं नळीत फुंकायला लावतात हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांनी याडीची चुलीची फुंकणी ताब्यात घेतली. रोज सकाळी अंगणात ताठ उभं राहून फुंकायचे. एक दिवस हुरूप येऊन त्यांनी पेटत्या चुलीतच जोर लावला आणि सगळी राख भाकरीवर आली. याडी म्हणाली, “आता हे भाकर तुमीच खा. कमावली हाय तुमी.”

मला वाटलं, छातीचा व्यायाम चाललाय. तेवढी अक्कल मला तेव्हा यायला हवी होती.

परत आले ते छाती फुगवूनच. “पास झालो.”

मी त्यांच्या हातातली फाईल ओढून घेतली. “बा, काय काय झालं ते पयल्यापासून सांगा.”

“डॉक्टर साहेबानं इचारलं, कैसे हो? म्या म्हनलं, एकदम ठीक, साब!”

“अन् मंग?”

“खाँसी है? नहीं साब. साँस फूलती है? नहीं साब. मंग नळीत फुंकाले लावलं. असं फुंकलं का तो मशीनवाला माह्याकडं पाहातच राह्यला.”

“अन् तुमचा तो तोंडात मारायचा पंप?”

“तो याडीच्या पिशवीत ठेवलता. साहेबाइसमोर असं काही काढत नाहीत.”

उरलेली हकिकत याडीनं सांगितली. बा खोलीतून बाहेर आले आणि भिंतीशी बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागले. दहा मिनिटं बांधत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं की काय टापटिपीचा माणूस आहे. दम खाली बसल्यावर उठले आणि गेटाबाहेर येऊन तोंडात पंप मारला.

महिनाभरानं निकाल आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, फुंकण्याच्या चाचणीचा निकाल वयाच्या मानानं समाधानकारक. ही ओळ बांनी तीनदा मोठ्यानं वाचायला लावली. दुसरी ओळ वाचून माझं डोकं तापलं. अर्जदार यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी असून कापसावर स्वतः नियमित फवारणी करतो, त्यानं तसा फोटोही दाखवला आहे, तेव्हा आजार असलाच तर तो त्यामुळं असण्याची शक्यता आहे. सेवेशी संबंध नाही.

“फोटो?” मी ओरडले. “कोनता फोटो?”

साहेबानं विचारलं होतं, घरी काय करता? तर बांनी सांगितलं, खेती करता हूँ साब, बोना, दवा मारना, सब अपने हाथ से. आणि फोन काढून फोटो दाखवला. पाठीवर फवारणीचा पंप, हातात नळी, मागं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं हिरवंगार वावर. हा फोटो तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या पलटणीतल्या सगळ्या जोडीदारांना पाठवला होता.

मी खुर्ची ओढली आणि गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं, “तुमी फवारलं कधी?”

“एकदा.”

“कधी?”

बांनी खाली पाहिलं. “फोटोत.”

इथं बांच्या शेतीबद्दल सांगायला हवं. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी शेती हातात घेतली, असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे त्यांनी शिट्टी हातात घेतली. पहाटे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर खाट टाकायची आणि शिट्टी मारून कामं वाटायची. बैलांना ‘दाहिने मुड’ म्हणायचे. बैल आमच्याकडचे, त्यांना फौजी हिंदी कुठून येणार? ते वळायचे नाहीत. दर वर्षी शिट्टीचा आवाज थोडा आखूड होत गेला, पुढं पुढं ती नुसती गळ्यात असायची. आम्हाला वाटलं बा निवळले.

आता इलाज एकच होता. बांनी कधीच फवारणी केलेली नाही, हे गावानं लिहून द्यायचं. ऐकल्याबरोबर बा उठून उभे राहिले.

“म्हंजे मी शेतकरी नाही, असं अख्ख्या तांड्यानं लिहून द्याचं? छातीत धूर गेला तं गेला, आता इज्जतीतबी घालता काय?”

याडी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “इज्जतीवर दम चालते काय?”

बा खाली बसले.

तांड्याची बैठक, जिला आम्ही नसाब म्हणतो, नायकाच्या ओट्यापुढं लिंबाखाली बसली. नायक म्हणजे तांड्याचा कारभारी, बांच्याच वयाचा, लहानपणी बांबरोबर ढोरं राखलेला. ढाणकीहून पंप दुरुस्त करणारे चाचाही आले होते. आमच्या भागातला एकही फवारणी पंप असा नाही ज्याचं पोट चाचांनी उघडून पाहिलेलं नाही. नायकानं घसा साफ केला आणि म्हणाला, “आज फौजीच्या भल्यासाठी आपल्याले खरं बोलाचं हाय. कोनी भीड ठेवू नोका.”

भीड कोण ठेवतंय? इतकी वर्षं शिट्टी ऐकलेली माणसं ती. एक म्हणाला, फौजीनं दोरी लावून सरळ पेरणी केली, पण उताराच्या दिशेनं. सारं पाणी सरळ रेषेत वाहून गेलं. दुसरा म्हणाला, निंदायला बसवलं तर तूर उपटली आणि गवत ठेवलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. नायक मला सांगत होता आणि मी लिहीत होते, ‘फौजी यांनी आजतागायत शेतातील कोणतेही काम केलेले नाही.’

बांना राहवलं नाही. “कोनतंही म्हंजे? तूर कोनं उपटली मंग?”

“ते उपटायची नोयती, भाऊ,” नायक प्रेमानं म्हणाला.

मग फोटो निघाला. माझा फोन चाचांच्या हातात गेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग म्हणाले, “बेटी, लिख. पट्टा उल्टा है. ऐसा पंप पहनके आदमी दस कदम नहीं चल सकता. ढक्कन भी नहीं है. दवा होती तो पूरी पीठ भीग जाती.”

सगळ्यांनी आळीपाळीनं फोटो पाहिला. ज्यांनी हयातभर पंप पाठीवर वाहिला त्यांना ते एका नजरेत दिसलं. मला दिसलं नव्हतं, दवाखान्यातल्या साहेबालाही नाही. मी खूश होऊन लिहिलं, पंपाचा पट्टा उलटा, झाकण नाही, सबब पंप रिकामा.

“और ये देख,” चाचा म्हणाले. फोटोच्या अगदी काठाला, अर्धा कापलेला, चुड्यांनी भरलेला एक हात होता. पंप परत घ्यायला पुढं आलेला.

नायकानं ती खूण पाहिली आणि विचारलं, “लिही आता. फवारा कोन मारे?”

याडी मागं चहाचे कप धूत होती. सगळ्या माना तिकडं वळल्या. ती चिडलीच. “कोन मारे म्हंजे? पऱ्हाटी काय आपोआप वाढते?”

चाचा म्हणाले, “पंप हमेशा भाभी ही लाती थीं. फौजी भाई तो एक बार आए थे मेरे पास. सीटी ठीक कराने.”

तेवढ्यात कोणीतरी शंका काढली की रस्त्यावरून जाताना आम्ही फौजीला फवारताना पाहिलं आहे. हिरवा फौजी शर्ट होता अंगात. याडीनं कप ठेवला. “तो शर्ट म्या घाले. औषधानं लुगडं जळते, शर्ट जाड हाय. तोंडाले टॉवेल बांधे. तुमाले दुरून फौजी दिसे.” कपाशीवरच्या विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात. मग ती हसायला लागली. “अन् हे घरी आल्यावर सांगत, आज लोकाइनं लय वाहवा केली माह्यी!”

नसाब हसून लोळली. नायकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता याडीला खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही. तिचा खोकला आम्हाला सवयीचा होता, भांड्यांच्या आवाजासारखा. मी लिहीत होते, ‘फवारणी त्यांच्या पत्नी करीत असत. हंगाम अंदाजे बारा.’ बारा लिहिताना माझं पेन थांबलं. मी दुसऱ्यांचे इतके फॉर्म भरते, प्रत्येकाला खोदून खोदून विचारते, किती वर्षं, कधीपासून, कोण? याडीला मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी चाचांवर विनाकारण ओरडले की फोन द्या इकडं, चार्जिंग संपेल.

बा मात्र हसत नव्हते. ते आपल्या फोनमधल्या त्या फोटोकडं पाहत होते.

तांड्याचा जबाब जोडून मी पुन्हा अपील केलं. दुसऱ्या तपासणीला मी दुकान बंद ठेवून गेले. बाहेरच्या बाकावर याडीनं बांना शेवटची सूचना दिली, “आज नापास होऊन या. पास झाले तं घरात घेनार नाही.”

आत तीन अधिकारी होते. मधे एक बाई, त्या डॉक्टरही आणि मेजरही. बांनी इतका खणखणीत सॅल्यूट मारला की मी कपाळाला हात लावला. बाईंनी विचारलं, “कैसे हैं?”

“एकदम ठी...” बा थांबले. दाराच्या फटीतून याडी दिसत होती. “ठीक नहीं हूँ, मॅडम.”

एवढं एक वाक्य बोलायला त्यांना जे कष्ट पडले ते मी पाहिले. कोणाची तरी चुगली करावी तसा चेहरा झाला होता. मग एकेक बोलले. बुखारी, काजळी, काळे रुमाल. बुखारीची बाजूही घेतली, “उसका कसूर नहीं था मॅडम, रॉकेल ही वैसा आता था.” या वेळी नळीत फुंकलं ते सराव न करता. जेवढं होतं तेवढंच आलं. फार थोडं आलं.

तांड्याचा जबाब मी हिंदीत वाचून दाखवला. तुरीपर्यंत बाई गंभीर होत्या, शिट्टीच्या दुरुस्तीपाशी त्यांनी फाईल तोंडापुढं धरली. मग खात्रीसाठी याडीला आत बोलावलं. याडी दवाखान्यातही मोठ्यानंच बोलते. “मैं मारती थी फवारा. ये तो खटिया पे बैठते थे.” आणि तिला खोकला आला.

“ये खाँसी कब से है?” बाईंनी विचारलं.

“ये खाँसी नहीं है,” याडी म्हणाली. “ये तो ऐसीच है.”

तेव्हा बा पुढं आले. सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, एक रिक्वेस्ट है. इसको भी फुंकाइए.”

मशीनवाला म्हणाला, ही तपासणी फक्त अर्जदाराची आहे. बा हलले नाहीत. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि नवी नळी लावायला सांगितली. याडीनं नळी हातात घेऊन उलटसुलट केली, म्हणाली, “फुंकनीवानीच हाय,” आणि चुलीपुढं फुंकते तशी फुंकली.

मशीनमधून कागद निघाला. बाईंनी तो बांच्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हींवरची नावं पुन्हा वाचली, कोणाचा कोणता म्हणून. मग हळू आवाजात मला म्हणाल्या की आईचा जास्त खराब आहे. औषधं लिहून दिली, माजी सैनिकाची पत्नी म्हणून ती तिथून मिळतात. फवारणीच्या पंपाला पुन्हा हात लावायचा नाही म्हणून बजावलं. पण समोरच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता. सेवेमुळे, सेवेत वाढला, सेवेशी संबंध नाही, असे तीनच. याडी कोणाच्या सेवेत होती, हे तिथं कोणी विचारणार नव्हतं.

बाहेर आल्यावर बा भिंतीशी बसले आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागले. बराच वेळ. याडी पिशवीतून पंप काढून त्यांच्यापुढं धरू लागली. मी तिचा हात मागं घेतला. दम लागलेला नव्हता. बा रडत होते.

आदेश चार महिन्यांनी आला. इंग्रजीत होता, मी अंगणात मराठी करून वाचला. आजार सेवेमुळे झाल्याचं मान्य करण्यात येत आहे. नायकानं टाळी वाजवली. बांनी डोळे मिटून घेतले, छातीतली काजळी कोणाची ते एकदाचं ठरलं होतं. पुढं कारणं होती, तीही मी वाचली. अर्जदार स्वतः फवारणी करत नव्हता, ती त्याची पत्नी करत असे, हे ग्रामस्थांच्या जबाबावरून सिद्ध होतं.

याडी म्हणाली, “हे पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“सरकारनं लिवलं असं? सिद्ध म्हनून?”

“हाव.”

तिनं लुगड्याला हात पुसून कागद घेतला. तिला फक्त स्वतःचं नाव वाचता येतं, तेही मराठीत. ती वरपासून खालपर्यंत शोधत राहिली. “मंग माह्यं नाव कुठी हाय?”

“नाव नाही, याडी. पत्नी लिवलं हाय.”

“पत्नी तं कोनाचीबी असते,” ती म्हणाली आणि कागद खाटेवर ठेवून चहा टाकायला गेली.

बा उठले. माझ्या कानावरचं पेन काढून घेतलं. मला काही कळायच्या आत त्यांनी आदेशावर, मूळ आदेशावर, सहीशिक्क्याच्या कागदावर, ‘पत्नी’च्या बरोबर वर, मोठ्या ठसठशीत अक्षरात याडीचं नाव लिहिलं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. शासकीय कागदावर खाडाखोड! मी गिऱ्हाइकांना कोपऱ्यात टिंब काढू देत नाही. “बा, ओरिजिनल खराब केलं तुमी! आता हे कोन घेईन?”

“घेईन,” बा म्हणाले. त्यांनी पेन माझ्या कानावर परत खोचलं आणि तो कागद याडीला दाखवायला आत गेले.

पेन्शनसाठी तो आदेश मीच घेऊन गेले. खिडकीतल्या बाबूनं कागद उजेडात धरला आणि विचारलं, “हे वर पेनानं काय लिहिलंय?”

असे कागद मी स्वतः शंभर वेळा परत पाठवले आहेत. मी म्हणाले, “दुरुस्ती हाय, साहेब.”

त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग नाव वाचलं आणि शिक्का मारला.